बद्द

सोमवारी भट्टी बंद असते.
तेवढ्या एका दिवसात सगळं उरकायचं:
बाहुबली मगदूमचे ड्रम फेटलिंगच्या शेडमध्ये,
नसीमचा गळा कोअर शॉपात, कारण तिथं
भिंतीला वाळूची पोती लावलेली
आणि आवाज माघारी येत नाही.
आणि मी, लॅपटॉप मांडीवर, पंखा बंद,
घाम बटणांवर पडू नये म्हणून
मान वाकडी.

गाणी सात. खर्च अकरा हजार,
त्यातले चार मगदूमच्या आईच्या भिशीचे.
कंपनी नाही, लेबल नाही. आमचं आम्हीच काढलं.
पन्नास सीड्या जाळल्या रात्रभर,
कव्हर भंगारातल्या पत्र्याचं,
तिघांच्याही बोटांना चिरा.

आता खरं सांगतो.
आवाज चांगला नाही.
बेस म्हणजे गाळातनं चाललेली म्हैस,
गिटार तिच्या पाठीवरची माशी.
सुरुवातीपासनं शेवटापर्यंत मागं एक घूं आहे,
अर्थिंगची. काढायला गेलो
की नसीमचा खर्ज पण तिच्याबरोबर निघून जायचा,
म्हणून राहू दिली.
दुसऱ्या गाण्यात मीटर लाल झालं ते लालच.
सहाव्यात हायवेवरचा ट्रक आलाय.
तो मुद्दाम नाही.
लोकांना तोच आवडतो.

पुण्याच्या एकानं कळवलं: डेमो म्हणून ठीक.
डेमो नव्हता भावा.
तेच होतं.

शिरोलीत आमच्या फौंड्रीत तातोबा कुंभार आहेत.
एकतीस वर्षं माल ठोकून बघतात.
छोटी हातोडी, एक टोला, मान जराशी कलती.
खणखणीत आला तर पेटीत.
बद्द आला तर लाल रंगाचा फराटा,
आणि परत भट्टीत.
आत तडा कुठं आहे ते डोळ्याला दिसत नाही,
त्यांना दिसतो. कानानं.

जेवणाच्या सुट्टीत टेम्पोत सीडी लावली.
"मेटल म्हणजे तुमचं हे?" म्हणाले,
"मग आम्ही काय ओततोय?"
भाकरी मोडत ऐकत राहिले.
नसीम किंचाळली तेव्हा फक्त डबा जरा सरकवला.
तिसऱ्या गाण्यात, जिथं आम्ही क्रेनखालच्या रुळावर घण घातलाय,
बोट वर केलं. तोंडात घास.
"हितं.
हितं बद्द हाय.
घाव दोन पडाय लागल्यात.
एक दुसऱ्याला खातोय."

रात्री फाईल उघडली.
माईक दोन: एक रुळाजवळ, एक वर क्रेनला बांधलेला.
एकाची लाट जिथं डोंगर, दुसरीची तिथं खड्डा,
आणि दोघी मिळून सपाट माळ.
एक बटण असतं. उलटं करायचं.
केलं.

घण आला.

सहा महिने मी कुणाकुणाला दोष दिला होता:
स्वस्तातल्या माईकला, पत्र्याच्या छपराला, मगदूमच्या डाव्या हाताला,
एकदा तर अख्ख्या कोल्हापूरला.

पन्नासातल्या एकेचाळीस गेल्या होत्या.
एक गडहिंग्लजच्या सलूनवाल्याकडं आहे,
गिऱ्हाईक नसलं की लावतो.
माल नापास झाला तर वितळतो, पुन्हा पंप होतो, पुन्हा ब्रॅकेट होतो.
सीडी वितळली
की नुसता वास येतो.

तातोबांना सांगितलं.
त्यांनी मान वर केली नाही, हातात ब्रश होता.
"मग? उरल्याल्या नऊवर खूण कर.
आन् पुढच्या खेपेला
वतायच्या आधी ठोकून बघ."

नऊ पत्र्यांवर नऊ लाल फराटे मारले.
नसीम म्हणते, ह्याच दुप्पट भावानं विकू.
मगदूमनं हातोडी आणली,
एक सीडी कानाजवळ धरून
अगदी तातोबांसारखी मान कलती करून
हळूच ठोकली.

प्लास्टिक वाजलं.